बैलापुढं न बोलायचा शब्द

शुक्रवारी सकाळी अप्पा माझ्याआधी तयार होऊन बसले होते. पांढरं धोतर, माझ्या नवऱ्यानं घेऊन दिलेले पांढरे बूट आणि आमच्या गावाहून, हळ्ळीखेडहून येताना डोक्याला बांधून आणलेला रुमाल. दोन हजार नऊचा मार्च होता. दुबईला लेकीकडे येऊन त्यांना पंधरवडा झाला होता, आणि उंच इमारती बघून मान दुखते अशी त्यांची तक्रार होती.

"आज आधी वाळूत गाडी, मग बैलांची टक्कर. व्हय ना, सुधा?"

"व्हय अप्पा. पण वाळूतलं राहू द्या की."

"कामून?"

कामून ते मला सांगता आलं नाही. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून 'जपा' एवढंच सांगितलं होतं. ते मी महिनाभर कुणाजवळ काढलं नव्हतं. पण भीतीचा उच्चार आमच्याकडे होत नसे. अंगणातच बैलांची दावण. बैलाला माणसाचं भ्या वासानं कळतं, मग तोही बुजतो, म्हणून त्याच्यापुढं 'भ्या' हा शब्द काढायचा नाही, असा अप्पांचा नियम. बैल सदा अंगणात, म्हणून तो शब्द घरात कधी आलाच नाही. आई गेली त्या रात्रीही नाही.

आमचा ड्रायव्हर करीमदाद बलोच होता. वाळू सुरू झाली तिथं उतरून तो चाकांतली हवा सोडू लागला.

"हवा कायकू निकालरे भई?" अप्पांनी आपल्या दख्खनीत विचारलं.

"टायर नरम हो तो रेत में नहीं धंसता, चाचा. दिल की बीमारी तो नहीं ना आपको?"

"दिल है कि नै, आजतक कोई देखाच नै!"

दोघं हसले. मी पट्टा दोनदा ओढून पाहिला.

गाडी टेकडीवर चढली आणि क्षणभर समोर नुसतं आभाळ उरलं. मग नाक खाली करून ती आडवी घसरू लागली. काचेवर वाळू सळसळत होती. दारावरची मूठ मी दोन्ही हातांनी धरली होती आणि एकटक अप्पांच्या मानेकडे बघत होते. ती मान ताठ होती. एकदा ती खांद्यावर कलली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

"नांगरटीतनं गाडी हाणल्यावानी वाटायलंय," ते वळून म्हणाले. "डोळे कामून मिटलीस? पैसे तूच दिलीस ना?"

टकरीसाठी फुजैराला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. समुद्राजवळच्या मोकळ्या मैदानाभोवती मोटारी लावून लोक बसले होते. बाया मोटारीतच. मीही काच लावून आत बसले. अप्पा करीमदादबरोबर पुढं जाऊन मातीत मांडी घालून बसले. मधोमध दोन काळे बैल कपाळाला कपाळ लावून एकमेकांना रेटत होते. इथं रक्त निघत नाही; जो मागं सरला तो हरला, मग माणसं दोर ओढून दोघांना सोडवतात. अप्पा हात उंचावून, शीळ घालून कुणालातरी चेतवत होते. आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, कारहुणवीला ते असेच दिसायचे.

तिसऱ्या जोडीतला एक बैल हरला, आणि दोर धरणाऱ्याच्या हातून सुटला.

लोक उठले, पळाले. खुर्च्या उलथल्या. धूळ माझ्या काचेपर्यंत आली. बैल दोर फरफटवत सरळ आमच्या बाजूला येत होता, आणि अप्पा उठून त्याच्याकडे चालू लागले होते. आपल्या गावात सुटलेल्या बैलाला सामोरं जावं तसे. डोक्याचा रुमाल काढून हातात धरलेला, चाल सावकाश. इथला बैल हळ्ळीखेडची बोली कशी ओळखणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी काच खाली केली. तोंड उघडलं. 'अप्पा, मला भ्या वाटायलंय, मागं या' एवढं ओरडायचं होतं. पण समोर बैल होता. जन्मभराच्या सवयीनं ओठ मिटले.

"हो हो हो... हौशा, हो..." अप्पांचा आवाज तेवढा आला. परक्या बैलाला ते आमच्या बैलाच्या नावानं हाक मारत होते.

बैल दहा हातांवर थबकला, मान हलवून फुरफुरला. तेवढ्यात मागून आलेल्या दोघांनी दोर पकडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. करीमदादनं अप्पांना जवळजवळ उचलूनच गाडीत आणलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी रुमाल झटकून पुन्हा डोक्याला बांधला. मग म्हणाले, "भ्यालतीस का गं?"

"न्हाई."

"मी भ्यालतो." ते बाहेरच्या काळ्या डोंगरांकडे बघत होते. "पाय लटलट कापायलते. धोतर होतं म्हणून दिसलं न्हाई कुणाला."

करीमदादला काय कळलं कोण जाणे, तो हसला. अप्पाही हसले. मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते. लिंगपूजा झालेली, कपाळावर विभूती ओली. हात लावेपर्यंत मला ते झोपलेत असंच वाटलं.

हळ्ळीखेडला पोचायला पुढं चार दिवस गेले. आम्हां लिंगायतांत मयताला बसवतात, बसवूनच मातीत ठेवतात. पेटीतून आलेल्या अप्पांना बसवणं सोपं गेलं नाही. माणिकप्पा काकांनी मागून खांदे धरून ठेवले होते. डाव्या तळहातावर त्यांचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं होतं. अंगणात हौशा दाव्याला हिसके देत होता. त्याच्या गळ्यातली घंटा भजनाच्या वर ऐकू येत होती.

रत्नम्मा अत्त्यानं विभूतीची वाटी माझ्या हातात दिली. "लाव. अन् बैलापुढं काही बोलू नको, बाई. बुजंल त्यो."

मी अप्पांच्या कपाळाला तीन बोटं लावली. कपाळ थंडगार होतं. आता खांदे सोडतील, उचलतील, आणि त्या खड्ड्यात हा माणूस अंधारात एकटा बसून राहील, हे माझ्या लक्षात आलं. माझे गुडघे कापू लागले. माझ्या अंगावर धोतर नव्हतं, सगळ्यांना दिसत होतं.

हौशानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"अप्पा," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं, "मला भ्या वाटायलंय."