दुपट्याआडचं बाळ

लंगोट बदलायची वेळ झाली की धाकटी सून खोलीला आतून कडी लावी. सासूबाई बाहेरून चेष्टा करत, "आम्ही काय बाळ पळवतोय का गं?" ती हसून वेळ मारून नेई आणि मगच गाठ सोडी.

जन्मल्याबरोबर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मुलगा की मुलगी, आत्ताच सांगता येत नाही. रक्त तपासू, थोडं थांबा." पण थांबायला धीर कुठला? नवरा-बायको तपासणी न करताच बाळाला घेऊन घरी आले आणि 'मुलगा झाला' म्हणून मोकळे झाले.

तेव्हापासून भीती तिच्या पदराला धरून चाले. कुणी बाळाला उचललं की ती लगेच परत घेई. वजन करताना बाळ उघडं ठेवतात, म्हणून ती दवाखान्याची पायरीच चढली नाही. बाळ दूध ओकू लागलं, गाल बसले, रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं, तरी तिच्या तोंडाला कुलूप.

थोरली नणंद बाळ बघायला आली. मांडीवर घेताच तिचं हसू ओसरलं.

"अगं, यानं मान टाकलीय. डॉक्टरांना दाखवलंत?"

नणंदेनं लंगोट ओला आहे का बघायला गाठीला हात घातला, तशी सुनेनं तिचं मनगट धरलं. "नको ना, ताई. लोक त्याला जन्मभर काय म्हणतील?"

नणंदेला सगळं उमगलं. ती हळूच म्हणाली, "त्याच्या हृदयाला भोक असतं तर कडी लावली असतीस? हेही शरीरच ना? जन्मभराचं नंतर बघू. आधी जीव राहू दे."

सुनेची मूठ सुटली.

दवाखान्यात तिनं स्वतःच गाठ सोडली. सुकलेल्या अंगात शीर सापडेना. सलाईन सुरू झाल्यावर डॉक्टरीणबाई बोलल्या, "मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचा जन्मजात आजार दिसतोय. त्यानंच अवयव वेगळे दिसतात आणि अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जातंय. अजून उशीर झाला असता तर..." त्यांनी बाळाच्या अंगावर दुपटं ओढलं. "औषध रोज, जन्मभर. पण बाळ वाढेल, बागडेल."

बाळ सावरलं. तपासण्यांतून कळलं, मुलगी आहे. नवरा मान खाली घालून उभा होता. सासूबाईंनी डोळे पुसले. "मुलगा सांगून मुलगी आणलीत होय रे? असू दे. झबली तीच चालतील."

शेजारणीनं विचारलं, तेव्हा सून सरळ म्हणाली, "मुलगी आहे. आजारी होती, आता औषध चालू आहे."

मंडळी, अशी बाळं आपल्याही शेजारी जन्मतात. 'काय झालं?' विचारण्याआधी 'बाळ कसं आहे?' एवढं विचारूया. लाज घेऊन कुणी जन्माला येत नाही. ती आपण पांघरतो, आणि तिच्याखाली एखादा कोवळा श्वास कोंडून जातो.