माशांच्या टाकीमागचा प्लग

मित्रांनो, मला स्मार्ट प्लग म्हणतात, आणि हे नाव सांगताना आता मला लाज वाटते. नाशिकरोडच्या एका कॉलनीत, धम्मपाल यांच्या घरी, माशांच्या टाकीमागे मी बसवलेला आहे. आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता पिवळा पडलोय.

कारखान्यात मला एकच गोष्ट शिकवली होती: ज्याच्याकडे तुझी चावी, त्याचं ऐकायचं. ही चावी लोखंडाची नसते बरं का. अक्षरांची आणि आकड्यांची ती एक लांबलचक ओळ असते. ती दाखवून कोणी दुरून ‘चालू’ म्हटलं की मी चालू, ‘बंद’ म्हटलं की बंद. का आणि कशाला, हे विचारायची अक्कल मला दिलेलीच नाही. तरी पाहुणे आले की धम्मपाल मोबाईलवरून मला चालू-बंद करून दाखवत, पाहुणे तोंडभर कौतुक करत, आणि मी आपला फुगून बसे.

टाकीत हवा सोडणारा पंप माझ्यावर चालायचा. टाकी होती धम्मपाल यांच्या मुलीची, साक्षीची. बटबटीत डोळ्यांचा एक काळा मासा तिचा फार लाडका. शाळेतून आली की दप्तर न उतरवता ती आधी त्याच्याकडे धावायची, आणि तिच्या मागोमाग विमलाआजी. आजी पिंपळगावची. घरभर फिरून रिकाम्या खोल्यांतले दिवे-पंखे बंद करणं हा तिचा आवडता उद्योग. “लाइट काय फुकट येती का?” हे तिचं पालुपद.

मग धम्मपाल यांनी मोबाईलमध्ये एक एआय मदतनीस घेतला. घरातल्या सगळ्या स्मार्ट वस्तूंच्या चाव्या त्याच्या हवाली केल्या आणि सांगितलं, “मी ऑफिसात असेन तेव्हा दुपारी चाव्या चालतात का, तपासत जा.”

मदतनीस कामाला चोख. माझी चावी तपासायला तो मला बंद करायचा. मी बंद झालो म्हणजे चावी बरोबर, त्याचं काम संपलं. नंतर मला पुन्हा चालू कर, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी घरात एकटी आजी, तीही झोपलेली. संध्याकाळी साक्षीच्या आईला, पायलला, पंप बंद दिसायचा. हाताने दाबायचं एक बटण माझ्या अंगावरही आहे.

“आई, तेवढं टाकीचं बटण नका हो बंद करू,” ती म्हणायची.

“मी नाय हात लावला,” आजी म्हणायची. पण आजीची खोड सगळ्यांना ठाऊक. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

एप्रिलच्या उन्हात पाणी तापलं आणि एका संध्याकाळी काळा मासा उलटा तरंगत होता. साक्षीने आजीशी बोलणं सोडलं. आजी शेवटी मुलाला म्हणाली, “मीच केलं असंल रे. हात आपोआप जात असंल. डोकं चालंना माझं.” त्यानंतर टाकीजवळून जाताना ती दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायची. मित्रांनो, ते बघताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खरं मला एकट्याला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

एका रविवारी आजी धाकट्या मुलाकडे, पिंपळगावला, कायमची जायला निघाली. पिशवी भरली. पाय निघेना, म्हणून टाकीसमोर खुर्चीवर टेकली, हात पदरात. साक्षी पाठमोरी उभी राहून माशांना खाणं घालत होती. बाहेर पडण्याआधी सगळं नीट आहे ना, म्हणून धम्मपाल मोबाईलला म्हणाले, “सगळ्या चाव्या एकदा तपास.”

टक्. मी बंद झालो. बुडबुडे थांबले.

“चाव्या बरोबर आहेत,” मोबाईल म्हणाला.

साक्षीने वळून आजीकडे पाहिलं. “पप्पा, आजीचे हात तर पदरात आहेत.”

धम्मपाल यांनी माझं बटण दाबून मला चालू केलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा टक्.

धम्मपाल खाली बघत उभे राहिले. पायलने पिशवी उचलून आत नेली. आजीला माशाचं नाही, दुसरंच विचारायचं होतं. “म्हंजी, धम्मा, माझं डोकं ठीक हाय ना रे?”

“ठीक आहे, आई. चूक माझी झाली,” ते म्हणाले. साक्षीने आजीच्या पदरातून तिचा एक हात सोडवला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

आता पंप साध्या बटणावर चालतो आणि ते बटण आजीच्या ताब्यात आहे. मी रिकामाच आहे. कौतुक नको, पंपही नको. फक्त एक मागणं आहे. कोणाला काही तपासायला सांगाल, तेव्हा तपासून झाल्यावर वस्तू होती तशी ठेव, हेही सांगा. आणि घरात काही बिघडलं, तर आधी म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवू नका. टाकीजवळून जाताना आजीचे हात अजूनही पदराकडे जातात.