कोरडा सदरा

बाबा समुद्रात बुडाले, देहही मिळाला नाही. तेव्हापासून ऑर्नेलाच्या आईने उंबरठा ओलांडला नव्हता.

"रविवारी जिनोआला पोरांना मत्स्यालय दाखवायचंय. तूही चल गं."

"कोंडलेले मासे काय बघायचे? त्यापेक्षा तुझा नवरा बघते. तोही तोंड उघडून बसतो."

आई किती दिवसांनी थट्टा करत होती. ऑर्नेलाला हुरूप आला.

"पाणी आपल्याच समुद्रातलं घेतात, आई."

"आपल्याच?"

"हो."

"मग येते."

आई आत गेली आणि बाबांचा इस्त्रीचा सदरा नि टॉवेल घेऊन आली.

"काचेपाशी मला जरा एकटीला सोडा. पोरांदेखत ओलेत्याने यायला लाजतील ते."

ऑर्नेलाने पिशवीचं तोंड उघडं धरलं.