मोगऱ्याच्या वासाचे मास्क

"अक्का, माझ्या धंद्यात नाक खुपसू नकोस!" सम्मेद जेवता जेवता ओरडला.

शिरोली एमआयडीसीत त्याची मास्क बनवायची शेड होती. सर्दी-तापाची साथ आली आणि एका प्राथमिक शाळेने मोठी ऑर्डर दिली. माल दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचा होता. त्याची थोरली बहीण रुचिता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. तिने त्याने घरी आणलेलं नमुन्याचं पाकीट फोडून एक गुलाबी मास्क नाकाशी धरला आणि लगेच बाजूला केला.

"हा मोगऱ्याचा वास कशाला?"

"नव्या मालाला वास मारतोय म्हणून गिऱ्हाईक बोंबलतंय. सेंट फवारला की झालं! पोरं बी खूश."

"वास झाकलास, घालवला नाहीस. मास्कचं कापड प्लास्टिकच्या धाग्याचं, ते टिकावं म्हणून त्यात रसायनं घालतात. त्यावर तुझा रंग, त्यावर हा सेंट. श्वासाबरोबर यातलं किती आत जातं, तपासलंस?"

"एवढ्याशानं कोण मेलंय?"

"मेल्यावर तपासणार आहेस का?"

"तू खडू-फळा सांभाळ की! मी माणसं पोसतोय."

"साथीत मास्क हवाच, सम्मेद. पण साधा, बिनवासाचा, तपासलेल्या कापडाचा. निदान पाकिटात भरण्याआधी माल वाऱ्यावर तरी ठेव."

"जागा कुठं हाय? आणि वेळ?"

भाकरी वाढणाऱ्या आईने तो गुलाबी मास्क त्याच्यापुढे टाकला. "घाल."

"घालतो की! त्यात काय!"

हात धुऊन त्याने मास्क चढवला आणि बहिणीला सुनावू लागला. शिकलेल्या बायका, त्यांचा तोरा, माहेरात येऊन लावलेली भांडणं! बोलता बोलता तो खोकला आणि त्याने मास्क हनुवटीखाली ओढला.

"का काढलास?" आईने विचारलं.

"घसा खवखवतोय."

"तू काढलास. वर्गात त्या पोरांस्नी बाई काढू देतील व्हय?"

सम्मेदने मास्क काढून बाजूला ठेवला. रुचिताने त्याला धीर दिला नाही. शेवटी त्याने शेडवर फोन लावला. "गाडी भरू नका! शाळेला मी सांगतो. सेंट बंद, रंग बंद. साधा माल काढायचा, आधी तपासून आणायचा."

फोन ठेवून तो बहिणीवर खेकसला, "ऑर्डर गेली तर?"

"जाऊ दे!"

वाचकहो, सुगंध म्हणजे स्वच्छता नव्हे. मुलांच्या नाकातोंडावर जे बांधायचं, त्यात काय आहे हे विकणाऱ्याला विचारा. तो सांगत नसेल, तर तिथून घेऊ नका.