धूर झाला की गॅस बंद

अण्णांनी धुराच्या सेन्सरवर दुधाची रिकामी पिशवी चढवून वर रबर बांधलं होतं. ते पाहून निलेशचं डोकंच फिरलं.

फिरणारच! सिस्टिम आर्किटेक्चरच्या कोर्सपायी शनिवारमागून शनिवार त्याने अंधेरीत घालवले होते. यंत्रणेचे भाग कोणते, कोण कोणाला काय कळवणार, सगळे चौकोन आणि बाण तोंडपाठ. त्याच शहाणपणातून वडिलांच्या बोरीवलीच्या घरात हा प्रोजेक्ट उभा राहिला होता: धूर झाला की गॅस आपोआप बंद. गेल्या महिन्यात अण्णांची डाळ गॅसवर जळून कोळसा झाली, शेजारी धावून आले, आणि तेव्हापासून मुलुंडची त्याची बहीण श्रुतिका हटूनच बसली होती. "दादा, अण्णा आता एकटे नकोत. मी त्यांना इकडे आणते." अण्णांना घर सोडायचं नव्हतं. यंत्रणा चालली तरच ते इथे राहणार होते, आणि आज श्रुतिका ती बघायला येत होती.

"अण्णा, पिशवी कशाला?"

"मग काय करू मेल्या? सुके बोंबील भाजायला घेतले की तुझा गॅस बंद. अर्धे कच्चेच गिळले मी."

निलेशने कपाळावर हात मारला. मालवणी माणसाच्या स्वयंपाकघरात सुक्या मासळीचा धूर होतो, हे त्याच्या एकाही चौकोनात नव्हतं! कोर्सच्या क्षमा मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, आधी वापरणाऱ्याला विचारा, बिघाड का झाला ते शोधा. याने कारणापुढे सरळ 'विसरभोळेपणा' लिहिलं होतं. सत्तरी उलटलेल्या माणसाला त्यात विचारायचं काय?

आता मात्र त्याने विचारलं, तेही तडकून. "त्या दिवशी डाळ विसरलात कशी तुम्ही?"

"विसरलो कुठे? वास येत होता मला."

"मग उठला का नाहीत?"

अण्णा पिशवीचं रबर नीट करत राहिले. "तुझा फोन होता. तो कोर्स समजावत होतास मला. माझ्या फोनची बॅटरी गेलेली, बाहेरच्या खोलीतल्या चार्जरची पिन काढली की बंद पडतो. इतक्या दिवसांनी केलेलास, कट झाला असता तर पुन्हा केला असतास?"

स्वतःचाच असा संताप निलेशला कधी आला नव्हता.

बेल वाजली. श्रुतिका आली होती, आणि बिघाड अण्णांत नाही, आपल्यात आहे हे तिला सांगणं आता त्याला भाग होतं.