खुर्चीवरून म्हटलेलं ‘अगेन’

आमच्या पिंपळगावच्या शाळेत, देवानंद सरांच्या इंग्रजीच्या तासाला एक नियम आहे. ज्याला पान न अडखळता वाचता आलं त्यानं सरांच्या खुर्चीवर बसायचं, आणि पुढचा वाचताना चुकला की "अगेन" म्हणायचं. सर खिडकीला टेकून ऐकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "अगेन म्हणजे परत. रीड अगेन, ट्राय अगेन. ही शिक्षा न्हाई बरं का."

जूनमध्ये पुस्तक उघडलं तरी माझ्या तळहातांना घाम यायचा. सर मला किती वेळा "अगेन" म्हणाले असतील, मोजलंच नाही. पण असं म्हणायचे, जशी त्यांना कुठं जायची घाईच नाही. दिवाळीनंतर एका मंगळवारी मी अख्खं पान वाचलं आणि खुर्चीवर बसले! काय सांगू, तिथून वर्ग केवढा दिसतो!

गेल्या गुरुवारी मी खुर्चीवर होते, तेव्हा सरांना मधेच ऑफिसात बोलावणं आलं. "साक्षी, चालू ठेव," म्हणून ते गेले. वाचायची पाळी दैवशालाची होती. पहिलीपासून आम्ही एकाच बाकावर बसतो.

"व्हेगे... व्हेगेटेबल."

"अगेन," मी म्हणाले.

"व्हेगेटेबल."

मागून मिथुन ओरडला, "घरी चार एकर मिरची, अन् बाईला भाजी म्हणता येईना!"

वर्ग हसला. मीही हसले. आणि वर "अगेन" म्हणाले. उच्चार सांगता आला असता मला. नाही सांगितला. नऊ वेळा "अगेन" म्हणाले. नवव्यांदा तिनं पुस्तक मिटलं आणि नुसती उभी राहिली.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. रविवारी मी त्यांच्या शेतात गेले. तिचे वडील, कचरूकाका, पोत्यात मिरच्या भरत होते.

"तुझी मैत्रीण म्हणती, शाळाच नको. म्या म्हणलं, बरंच झालं, तोडणीला माणूस मिळंना. उद्या न्हाई गेली तर नाव काढून आणतो."

दैवशाला सरीत वाकून मिरच्या तोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"दैवशाले, माझं चुकलं."

"इथं कोण ऐकून राह्यलं? मिरच्या?" ती म्हणाली. "वर्गात नऊ डाव म्हणलीस ना? मंग तिथंच म्हण. माझ्या जागेवर उभं राहून."

"सगळ्यांसमोर?"

"मी काय घरात उभी होते का?"

सोमवारी सरांनी खुर्ची पुढं केली. मी बसले नाही. त्यांना विचारून आमच्या तिसऱ्या बाकाजवळ, दैवशालाच्या जागेवर जाऊन उभी राहिले. दैवशाला दारात होती, दप्तर खांद्यावर, एक पाय अजून व्हरांड्यात. तिथून वळली असती तर सरळ शेतातच गेली असती.

"गुरुवारी मी... दैवशालाला..." पुढचं येईना. तळहात जूनसारखे ओले झाले. मिथुन खुदकन हसला.

"अगेन," दारातून आवाज आला.

ते सरांसारखं नव्हतं, आणि माझ्यासारखंही नव्हतं. मी परत सुरू केलं, मोठ्यानं. "दैवशाला, मी खुर्चीवर बसून तुला हसले. उच्चार येत होता, तरी मुद्दाम सांगितला नाही. माझं चुकलं."

तिनं दुसरा पाय आत घेतला. माझ्या बाकावरची तिची जागा रिकामी होती. तिकडं न बघता ती पुढं गेली आणि पहिल्या बाकावरच्या प्रीतीजवळ बसली. तास संपेपर्यंत मी तिच्या वेणीकडं बघत राहिले.