पान वाढून होईपर्यंत

काळाचौकीच्या चाळीतल्या दोन खोल्यांत सुभद्राने सत्तावीस वर्षं खानावळ चालवली. रोजची बावीस माणसं, दोन पंगती. सासूने, म्हणजे कमळाबाईंनी, घालून दिलेला नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. पान पुरतं वाढून झाल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, आणि वाढणारीने सगळ्यांच्या मागून बसायचं. खानावळ बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी सुभद्राचं मागून बसणं काही सुटलं नाही. आता नातवंडं होती. वल्लरीला भात फुंकून भरवायचा, ध्रुवच्या बांगड्यातले काटे काढायचे, आणि मग कोपऱ्यात बसून थिजलेलं कालवण भाताला लावून उरकायचं.

तिचा नवरा कुशाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता. हातोड्याच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, पण मनातलं बोलायची नाही. एक गोष्ट त्याला बरीच वर्षं आतून टोचत होती. बायकोला गरम जेवताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा सून दर्शनाने बेत केला. ती, तिचा नवरा पुष्कर आणि दोन्ही पोरं शनिवार-रविवार वडाळ्याला तिच्या माहेरी निघाली. जाताना ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, उद्या एक वाजता परळच्या टॉवरमधल्या हॉटेलात तुमच्या दोघांचं टेबल सांगून ठेवलंय. माझ्याकडून. आईंना चूल पेटवू देऊ नका."

"तिला बसवून वाढतील ना?"

"तेच तर काम त्यांचं."

कुशाबाने मनाशी गाठ मारली. उद्या हिने आधी जेवायचं, गरम जेवायचं, आणि आपण बघायचं.

लिफ्ट वर निघाली तशी दोघांच्या कानांत दडे बसले. चौतिसाव्या मजल्यावर दार उघडलं आणि सुभद्रा चप्पल काढायला वाकली.

"राहू दे गो," कुशाबा हळूच म्हणाला. "देऊळ नाय ता."

"मग एवढं शांत कसं?"

जमिनीपासून छतापर्यंत काच होती. काचेपलीकडे सगळं गिरणगाव उताणं पडलेलं. गिरण्यांच्या उरलेल्या दोन चिमण्या, इस्पितळाची गच्ची, पलीकडे गोदीतल्या क्रेनच्या माना, आणि त्यामागे पाण्याची करडी पट्टी. सुभद्रा काचेला नाक लावून कितीतरी वेळ शोधत राहिली.

"अहो, ती बघा आपली चाळ. निळं प्लास्टिक घातलंय ना कौलांवर, ती."

"हां. तीच."

"काडेपेटीएवढी दिसते. बावीस माणसं कशी मावत होती हो त्यात?"

कुशाबाही काचेशी वाकला. त्याने आयुष्यभर ती चाळ खालून मान वर करून पाहिली होती.

काळा एप्रन घातलेली सुरुची नावाची मुलगी त्यांना टेबलाशी घेऊन गेली. तिने सुभद्राची खुर्ची मागे ओढली, तर सुभद्राने "बस बाय, तू बस" म्हणून तिलाच बसवायला घेतलं. शेवटी दोघं बसली. मग दोन काळ्या दगडी ताटल्या आल्या. प्रत्येकीच्या मधोमध सुपारीएवढा एकेक वडा, वर हिरव्या चटणीचा ठिपका. "आत कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं मांस आहे," एवढं सांगून सुरुची बाजूला झाली.

सुभद्राने हात मांडीवर ठेवले. कुशाबानेही ठेवले.

पाच मिनिटं गेली. वड्याची वाफ विरली.

"चटणी आली," सुभद्रा कुजबुजली. "भात, पोळी मागून येत असेल."

"येईल. घाई कसली."

दहा मिनिटं झाली. लांब उभी असलेली सुरुची त्यांच्याकडे बघत होती, ती दोघं तिच्याकडे बघत होती. पलीकडे काचेमागे स्वयंपाकघर होतं, तिथली माणसंही माना वळवून बघायला लागली. अखेर पांढऱ्या कोटातला मुख्य स्वयंपाकी बाहेर आला. चाळिशीचा, कानशिलावर केस पिकलेले. विनीत त्याचं नाव.

"आई, काही चुकलं का आमचं?"

"छे हो. तुमचं वाढून होऊ दे सावकाश. पान पुरं झालं की आम्ही सुरू करतो."

विनीत ओळखून हसला. मग टेबलाशी गुडघ्यावर बसला. "आई, आमच्याकडे पान एकदम वाढत नाहीत. नऊ पदार्थ आहेत, एकामागून एक येणार. तुम्ही हा संपवलात की पुढचा कढईत पडतो. गरम असतानाच खायचं, म्हणून."

सुभद्राने काचेपलीकडे पाहिलं. "म्हणजे आतली ती सगळी माणसं…"

"चौदा जणं."

"चौदा माणसं माझ्या घासासाठी थांबलीत?"

"हो."

तिचा चेहरा असा झाला, जणू सणाच्या दिवशी देवालाच दारात ताटकळत ठेवलं. "अगो बाय. आणि मी हात बांधून बसले."

विनीतने गार झालेल्या ताटल्या उचलल्या. सुभद्राने त्याचं मनगट धरलं. "टाकू नका हो ते."

"टाकत नाही. मी आणि सुरुची खाऊ. गार झालेलं आमच्या वाट्याचं."

"तुम्ही कधी जेवता?"

"साडेचारला. उभ्या उभ्या."

सुभद्राने मनगट सोडलं नाही. त्या हातावर तेलाच्या चटक्यांचे डाग होते, तिच्या हातावर होते तसेच, तिथेच. तिने ते पाहिले, मग मान हलवली. "आणा दुसरे. या वेळी थांबवत नाही तुम्हाला."

नवे वडे आले, तुपासारखे चकाकत, वाफाळत. सुभद्राने सवयीने आपली ताटली नवऱ्याकडे सरकवली. "तुम्ही आधी."

कुशाबाने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "आज मी मागून."

"असं कधी असतं काय?"

"चौदा माणसं खोळंबलीत, सुभद्रे. त्यात मी पंधरावा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याने असा हट्ट केला नव्हता. मग तिने वडा उचलला आणि जन्मभर गार घास खायची तसाच, अख्खा तोंडात टाकला.

तिचे डोळे विस्फारले. हात तोंडावर गेला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"भाजलं काय गो? पाणी देऊ?"

तिने बोट वर करून त्याला थांबवलं. सावकाश चावलं, गिळलं. 

"अहो," ती म्हणाली, "आपली खानावळीतली माणसं असं खायची?"

"म्हणजे?"

"असं. चुलीवरून थेट. रोज?"

"रोज," कुशाबा म्हणाला. "मी पण."

"मला कुणी सांगितलं नाही कधी." ती काचेतून त्या निळ्या ठिपक्याकडे बघत राहिली. "मी करायचे, ते असं लागायचं होय. म्हणून ती माणसं गावी गेली तरी चार दिवसांत परत यायची."

सुरुचीने दुसरा पदार्थ ठेवला. छोट्या वाटीत सोलकढीच्या रंगाचं कसलंसं सार, वर वाफेचा धागा. सुभद्राने वाटी दोन्ही हातांत धरली, तोंडाशी नेली आणि हलकेच फुंकर घातली. तीच फुंकर, वल्लरीच्या भातावर घालायची ती. मग थांबली, वाटीकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा घातली.

कुशाबाची वाटी समोर निवत होती. तिच्याकडे बघत त्याने ती तशीच निवू दिली.